आधी खाजनाची मानस दुरुस्त करा

गोव्याचा वारसा म्हटला की जुन्या गोव्याच्या इगर्जी, म्हणजे चर्च, आणि फोंड्याची देवळं डोळ्यांसमोर येतात. ती जपायलाच हवीत. पण मांडवी-जुवारीच्या काठचं खाजन हाही आपला तेवढाच मोलाचा वारसा आहे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत खाऱ्या पाण्याखाली जातोय.

ज्यांनी खाजन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरतीचं पाणी शिरायचं ती सखल जमीन आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून शेतीखाली आणली. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर. बांधात जागोजागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतलं पाणी झडपा ढकलून नदीत जातं. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं त्याच झडपा मिटतात. पंप नाही, वीज नाही! पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुतलं की खारेपणा सोसणारं कोरगूट भात पेरायचं. आत पोंयीत, म्हणजे मानशीलगतच्या तळ्यात, मासळी, काही ठिकाणी उन्हाळ्यात मिठागर. हे सगळं गावकारीनं, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे राखणाऱ्या जुन्या गावसंस्थेनं, सांभाळलं. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, गावकारीचे रिवाज फक्त लिहून काढले, ते त्यांच्या कितीतरी आधीचे.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे आली. कसणाऱ्याला हक्क मिळाला हे योग्यच झालं, त्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण बांध राखायची जुनी शिस्त बऱ्याच गावांत मागेच राहिली. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव मात्र चुकत नाही. लिलाव घेणाऱ्याला मासळी हवी, म्हणून खारं पाणी नको तेव्हा आत घेतलं जातं आणि शेतकऱ्याचं भात करपतं. बांध फुटून तसाच राहिला तर शेतात खारफुटी उगवते, मग ती तोडायला कायदा आडवा येतो. नदीकाठची खारफुटी हवीच, ती बांधाला लाटांपासून वाचवते. पण भाताच्या कुणग्यात ती वाढली की जमीन पडीक ठरते आणि पडीक जमिनीवर भराव घालणाऱ्यांची नजर असतेच. २०११ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना खास संरक्षण दिलंय, पण भगदाड बुजवायला गावात माणसं आणि पैसा लागतो.

माशेलच्या चिखलकाल्याला, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाला, आता लांबून लोक येतात, बरं वाटतं. इगर्जीत नव्या कणसांना आशीर्वाद मिळतो, आम्ही चवथीच्या दुसऱ्या दिवशी नवं घरी आणतो. आमच्या वाड्यावर काही घरांना ती कणसं हल्ली दुसऱ्याच्या शेतातून मागून आणावी लागतात. याचं मला फार वाईट वाटतं.

लिलावाचा पैसा आधी त्याच खाजनाच्या बांधावर आणि मानशीवर खर्च झाला पाहिजे. दार कधी उघडायचं हे शेतकऱ्यांनी ठरवलं पाहिजे. दिवाडी, चोडण, सांत इस्तेव, गाव कुठलंही असो, आपल्या कूळ संघाच्या सभेला जा आणि विचारा: यंदा मानस कितीला गेली आणि बांधावर त्यातले किती घातले? उत्तर मिळालं नाही तर तोच प्रश्न मामलेदाराला लेखी द्या. पाऊस सुरू व्हायच्या आत.