नोबेल मिळालं, पण आत्म्याला नाही

चोपड्याच्या मावशीने तो मेसेज मला तीनदा पाठवला. काका गेल्याला आठ महिने झालेत. ‘क्वांटम फिजिक्सने आत्मा अमर असल्याचं सिद्ध केलं, २०२२ चं नोबेल त्यालाच!’ खाली चार मुद्दे: ऊर्जा नष्ट होत नाही, बघणाऱ्याशिवाय जग नाही, मेंदूतलं क्वांटम मेल्यावर विश्वात मिसळतं, आणि जोडीतले कण कितीही लांब गेले तरी एकमेकांशी बोलतात, म्हणून गेलेल्या माणसाशीही बोलता येतं. “आते तं विज्ञानबी सांगी ऱ्हायनं ना भाऊ,” मावशी म्हणाली. तोवर मी गप्प होतो. मग कळलं, मेसेजखाली ज्याचा नंबर आहे त्या गृहस्थाने ‘क्वांटम संपर्का’च्या एका बैठकीचे ५,१०० रुपये तिच्याकडून आधीच घेतलेत.

म्हणून आधी तो शेवटचा मुद्दाच.

२०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल खरं आहे, आणि ते क्वांटमचंच, म्हणजे अणू-कणांच्या विज्ञानातलं. अ‍ॅलन अ‍ॅस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटन झायलिंगर यांना ते मिळालं, फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या कणांच्या, गुंतलेल्या जोड्यांवरच्या प्रयोगांसाठी. लांबच्या दोन कणांच्या मोजमापांत नेहमीच्या हिशेबाने फार तर किती जुळणी असू शकते, याची भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने १९६४ मध्ये घालून दिलेली मर्यादा निसर्ग मोडतो, हे त्यांनी दाखवलं. आत्म्याचा त्यात शब्द नाही.

समजा, जोडीतला एक फोटॉन भुसावळला आणि दुसरा धुळ्याला पाठवला. अशा हजारो जोड्या. दोन्हीकडे मोजायचं आणि निकाल वहीत लिहायचा. भुसावळवाल्याच्या वहीत कधी शून्य, कधी एक, क्रम कसलाच नाही. धुळ्याच्या वहीतही तोच गोंधळ. धुळेवाल्याने मोजलं काय, न मोजलं काय, यंत्र फिरवून मोजलं काय, भुसावळच्या वहीत काडीचा फरक दिसत नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की मगच जुळणी कळते. ती नेहमीच्या हिशेबात बसत नाही, हे कबूल. आइन्स्टाइनलाही ती पचली नव्हती. पण वह्या शेजारी आणायच्या तर एसटी पकडा, नाहीतर फोन करा. नुसत्या त्या जोडीतून ‘मी बरा आहे’ एवढंसुद्धा पाठवता येत नाही, आणि हे क्वांटमच्या गणितातूनच निघतं. धुळ्याचा जिवंत माणूस भुसावळला जे कळवू शकत नाही, ते काका कुठून कळवणार?

शिवाय कणांचं असं गुंतणं जिवापाड जपावं लागतं. आजूबाजूच्या कणांचा धक्का लागत राहिला की ते विस्कटतं. चाळीस वर्षं संसार केला म्हणून दोन माणसांचे कण गुंतत नाहीत. मावशीला हे सांगताना जीभ जड झाली, पण ५,१०० रुपये याच्या उलट सांगूनच उकळले होते.

मेंदूचा मुद्दा निदान कुठूनतरी आलेला आहे. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी जाणिवेमागे क्वांटम क्रिया असावी अशी कल्पना मांडली. हॅमरॉफ मरणानंतरच्या शक्यतेबद्दलही बोललेत. (पेनरोझना २०२० मध्ये नोबेल मिळालं ते कृष्णविवरांसाठी, हेही मेसेजवाले सांगत नाहीत.) २००० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्कने हिशेब केला: मेंदूच्या उबेत अशी क्वांटम अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापुरती टिकते. हॅमरॉफच्या बाजूने तो आकडा वाढवला, तरी तोही एका सेकंदाच्या आतच राहिला. तेरावं तर लांबच.

ऊर्जा? बसल्या माणसाचं शरीर साधारण शंभर वॉट उष्णता सोडत असतं, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. ती आधी जेवणातून आलेली असते आणि हवेत जाते. चूल विझल्यावर तिची ऊर्जाही नष्ट होत नाही, म्हणून चूल भटकत बसते का? ‘बघणारा’ म्हणजे मोजणारं काहीही, रिकाम्या खोलीतलं यंत्रसुद्धा. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९६० च्या दशकात जाणिवेला त्यात ओढलं होतं, पुढे तेही मागे हटले. आणि हो, क्वांटमचं मूळ समीकरण मांडणाऱ्या श्रोडिंगरला वेदान्ताची ओढ होती, एवढं मात्र खरं. पण त्याच्या समीकरणात वेदान्त नाही.

आत्मा नाही, असंही क्वांटम सिद्ध करत नाही, हे मी मावशीला सांगितलं. काका गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. ती घागर भरेल, विस्तवावर पितरांची आगारी टाकेल, सांजोऱ्या करेल. आंबे मी घेऊन जाणार आहे. त्याला फोटॉनचा दाखला तिने कधी मागितला नव्हता.

पैसे परत मागायला तिने त्या गृहस्थाला फोन लावलाय. दोन दिवस झाले, उचलत नाही.