सवय मनाला होते, कानाला नाही

गणपती आले, दिवाळी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. सारांश असा: मुंबईकराला आवाजाची सवय असते. गावाकडचा पाहुणा रात्रभर तळमळतो, आपण ढाराढूर झोपतो. मोठा आवाज झाला की कान आपोआप मिटतात. दचकतो तो मनाचा कच्चा. आवडीचा आवाज तर बाधतच नाही. आणि फारच वाटलं तर जाड पडदा लावा.

ढाराढूर झोपतो हे खरं, म्हणून तर मजकूर पटतो. पण झोपेत कान बंद होत नाहीत. जागं व्हायचं की नाही हे मेंदूचा वरचा थर ठरवतो आणि ओळखीचा आवाज तो सोडून देतो. रुळालगतच्या चाळीत शेवटची लोकल धडधडत गेली तरी कुणी कूस बदलत नाही. त्याच खोलीत तान्हं नुसतं कुरकुरलं की आईचे डोळे उघडतात. मात्र वरच्या थराने सोडलेला तो आवाज खाली ब्रेनस्टेमपर्यंत, म्हणजे मेंदूच्या बुंध्यापर्यंत, पोचलेला असतोच. तिथून नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, आणि झोपलेल्याला पत्ता नसतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात चार विमानतळांजवळच्या १४० रहिवाशांचा रक्तदाब रात्रभर दर पंधरा मिनिटांनी मोजला. विमान गेलं की झोप न मोडताही वरचा रक्तदाब सरासरी सहाएक अंकांनी चढत होता. ही माणसं नवखी नव्हती, वर्षानुवर्षं तिथेच राहत होती. आपल्या २०००च्या ध्वनिनियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल अशी वेगळी मर्यादा आहे, ती उगीच नाही.

‘कान मिटतात’ याचं मूळ खऱ्या शरीररचनेत आहे. मधल्या कानात रिकीब नावाच्या हाडाला जेमतेम सहा मिलिमीटरचा स्नायू असतो. मोठ्या आवाजाला तो आवळतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. अडचण वेळेची आहे. आवाज फार मोठा असेल तर २५-३० मिलिसेकंदांनी, नाहीतर १०० च्या आसपास तो हलायला लागतो. पूर्ण आवळायला आणखी वेळ जातो. सुतळी बॉम्बचा मुख्य दणका तोवर आतल्या कानातून पार झालेला असतो. शिवाय हा स्नायू अडवतो तो मुख्यतः खर्जातला आवाज. ताशाची कडकड त्याला चुकवून आत जाते, आणि मिरवणूक लांबली की तो थकतो.

दचकण्याचा मनाच्या कच्चेपणाशी संबंध नाही. कानाकडून ब्रेनस्टेम आणि तिथून स्नायू, एवढाच तो आखूड रस्ता. पापण्या ३० ते ५० मिलिसेकंदांत मिटतात, मागोमाग मान आखडते, ‘काय झालं?’ हा विचार नंतर येतो. यात आवाज किती मोठा याइतकंच तो किती झटकन चढला हे महत्त्वाचं. लांबून भोंगा देत येणाऱ्या गाडीने माणूस दचकत नाही, पाठीशी आलेल्या स्कूटरच्या हॉर्नने उडतो. अंधारात किंवा आधीच ताण असताना हीच क्रिया जास्त जोराने होते. म्हणजे दिवसभर पिचलेला माणूस जास्त दचकणारच.

आवडीच्या आवाजाबद्दल मजकूर अर्धा बरोबर आहे. १९७०च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत काही जणांना गोंगाट बंद करायचं बटण दिलं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, तरी बटण नसलेल्यांपेक्षा त्यांचं नंतरचं काम चांगलं झालं. ताबा आपल्याकडे असला की ताण कमी होतो. पथकात ताशा वाजवणारा खूश आणि समोरच्या इमारतीतले आजोबा हैराण, ते याचमुळे. पण आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींना भक्ती कळत नाही. कामगारांसाठी वापरला जाणारा हिशेब साधा आहे: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला उरतात पंधरा मिनिटं. वाजवून घरी आल्यावर कानात शीळ घुमत असेल, बोलणं कापसातून आल्यासारखं वाटत असेल, तर मर्यादा ओलांडली गेली आहे. लोकलच्या दारात हेडफोनचा आवाज चढवणाऱ्यालाही हाच हिशेब लागू.

राहिला पडदा. तो खोलीतला घुमारा कमी करतो, रस्ता अडवत नाही. आवाज फटीतून येतो. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट राहिली तर काच कितीही जाड घ्या, घट वीसेक डेसिबलवर अडते. चार फूट बाय चार फूट खिडकीला एक टक्का म्हणजे एका कडेने अर्धा इंच! सरकत्या खिडकीत दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथली लोकरी पट्टी झिजलेली असते. आधी ती बदला, मग काचेचा खर्च काढा. ट्रॅकमधली पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका, जुलैत पाणी घरात येईल.

कानात घालायचे फोमचे बोळे वापरायचे तर कोरड्या बोटांनी बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. समोरून पाहणाऱ्याला बोळ्याचं टोक बाहेर आलेलं दिसलं, तर तो नीट बसलेला नाही. काढून पुन्हा वळा.