गावी गेल्यावर करू म्हणून ठेवलेली दाढ

काल संध्याकाळी पानठेल्यावर उभा होतो, तर एकानं गालाकडं पाहून विचारलंच, "काहून बे, तिकडं दवाखाना फुकट असते म्हणतेत ना, मंग दाढ घेऊन आर्वीपर्यंत काहून आला?" सगळे हसले, मी पण हसलो, एकाच बाजूनं. पण घरी आल्यावर वाटलं हे एकदा लिहूनच टाकू, कारण आपल्या भागातले लय पोट्टे-पोट्टी आता नर्सिंगला, मास्टर्सला बाहेर चाललेत आणि सगळ्यांच्या डोक्यात हेच आहे की तिथं गेलं की सरकारी आहेच.

मी २०२३ पासून इंग्लंडात नर्स आहे, तेही एनएचएसच्याच, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्याच हॉस्पिटलात. हार्टचा पेशंट येतो, ऑपरेशन होतं, घरी जातो, बिलाचा कागद नाही, हे मी रोज डोळ्यानं पाहतो. दाताचं खातं मात्र वेगळं. तिथं मोठ्या माणसाला एनएचएसच्या डेंटिस्टकडं पण पैसे लागतात, फक्त दर ठरलेले. एप्रिल २०२५ ला जे दर होते ते सांगतो: तपासणी आणि एक्सरे २७.४० पाऊंड, फिलिंग, रूट कॅनल किंवा दात काढणं ७५.३०, आणि कॅप, ब्रिज, कवळी असलं काही असेल तर ३२६.७०. यात चांगली गोष्ट अशी की एकाच ट्रीटमेंटमध्ये दोन फिलिंग आणि एक रूट कॅनल केलं तरी मिळून ७५.३० च, म्हणजे पाऊंड ११५ रुपयांचा धरला तर साडेआठ हजाराच्या थोडं वर. आर्वीत रूट कॅनल आणि वर कॅप केली तर जवळपास तेवढेच जातात की बाप्पा!

मग अडते कुठं? तर डेंटिस्ट भेटत नाही. मी अकरा ठिकाणी फोन केला, सगळीकडं एकच उत्तर, एनएचएसचे नवीन मोठे पेशंट घेत नाही, प्रायव्हेट पाहिजे तर गुरुवारी या. प्रायव्हेटमधे त्याच दाढेच्या रूट कॅनलचे ७८० पाऊंड सांगितले, कॅप वेगळी. नव्वद हजार! आमच्या बाबांनी त्या वर्षी सोयाबीन विकून खर्च काढून जे उरलं ते याच्यापेक्षा जास्त नव्हतं. आणि जीपी, म्हणजे तिथला आपला फॅमिली डॉक्टर, तो दाताला हात लावत नाही, डेंटिस्टकडं जा म्हणते.

पण खरी चूक माझीच आहे, आणि ती इथं आर्वीतच झाली. जायच्या दोन महिने आधी डॉक्टर म्हणाले होते, दाढेवर काळा ठिपका आहे, सिमेंट भरून घे, सातशे रुपये. व्हिसासाठी टीबीची तपासणी कंपल्सरी होती म्हणून मुंबईपर्यंत गेलो, इंग्रजीच्या परीक्षेला पैसे भरले, तीन स्वेटर घेतले, आणि सातशे रुपयाचं सिमेंट राहून गेलं. दाताचं कोणी विचारतच नाही ना व्हिसाला.

तिथं गेल्यावर नोंदणीसाठीची ऑस्की परीक्षा, मग नाईट शिफ्ट, मग थंडी. दाढ ठणकायला लागली की लवंग धरायची, पॅरासिटामॉल घ्यायची आणि स्वतःला सांगायचं की गावी गेल्यावर करू. असे चौदा महिने काढले. एका रात्री गाल असा सुजला की डोळा बारीक झाला, तेव्हा १११ ला फोन केला. हा नंबर लिहून ठेवा, डेंटिस्ट नसला तरी अर्जंट असेल तर ते जवळपास कुठं तरी अपॉइंटमेंट शोधून देतात. मला पुढच्या गावात भेटली, तेव्हा २६.८० पाऊंड घेतले, दाढ उघडून पू काढला, वरून कच्चं बुजवलं. ती बाई म्हणाली आता पूर्ण रूट कॅनल करून घे, माझं काम दुखणं थांबवण्यापुरतं. आणि तपासताना तिनं माझी तीन बोटं माझ्याच तोंडात घालायला लावली, पुरतं उघडतं का पाहायला, आणि विचारलं सुपारी खातो का. तिला खर्रा काय असते ते समजावता समजावता माझी वाट लागली, पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटतात म्हणून. (मी सोडून सहा वर्षं झाली. पण दोस्तांनो, सुपारीनं तोंड आतून दोरीसारखं आवळत जाते आणि मग पुरतं उघडत नाही, आपल्या गावातच असे दोघं आहेत ज्यांना घास बारीक करून खावा लागते. असं झालं तर कितीही भारी डेंटिस्ट असू द्या, त्याचा हात आत जाणार कसा?)

२०२४ च्या दिवाळीत सोळा दिवसाची सुट्टी. वाटलं सगळं करून जाऊ. दोन दिवस प्रवासात, चार दिवस दवाखाना दिवाळीमुळं बंद, दोन लग्नं, एक मामाकडचा कार्यक्रम. रूट कॅनलच्या दोन सिटिंग झाल्या, कॅप राहिली. डॉक्टर म्हणाले कॅपशिवाय ठेवू नको, रूट कॅनल झालेली दाढ ठिसूळ होते. मी म्हटलं हो. फेब्रुवारीत चणे खाताना कट्टकन् टवका उडाला.

तोपर्यंत केरळच्या एका सहकारी ताईनं मला एनएचएसच्या डेंटिस्टकडं जागा मिळवून दिली होती. तिची पद्धत साधी होती, वेबसाईटवर नवीन पेशंट घेणारे कोण दाखवतात ते दर आठवड्याला बघायचं, पाच-सात मैल लांबचे पण धरायचे, फोन करून म्हणायचं की कोणी अपॉइंटमेंट कॅन्सल केली तर मला कळवा. जीपीसारखं तुमच्या एरियातच पाहिजे असं डेंटिस्टला नसते, हे मला दोन वर्षं माहितच नव्हतं! शिकायला गेलेल्या पोरांनी एचसी वन नावाचा फॉर्म भरून बघा, उत्पन्न कमी असलं तर पैसे माफ किंवा कमी होतात. गरोदर बाईला आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत फुकट, अठरा वर्षाखालच्या पोरांना फुकट. माफी लागू नसताना फॉर्मवर माफीची खोटी टिक मात्र करू नका, शंभर पाऊंडापर्यंत दंड बसतो. स्कॉटलंडात तर सव्वीसच्या आतल्या सगळ्यांना एनएचएसचे दात फुकट आहेत. आणि मोठ्या शहरात डेंटल हॉस्पिटल असतात, तिथं शिकणारे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली करतात, वेळ लय लागते पण पैसे नाही. आपल्याकडं नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात किंवा वर्ध्याजवळ सावंगीच्या डेंटल कॉलेजात चालते तसंच समजा.

जाणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगतो की निघायच्या तीन-चार महिने आधी सावंगीला नाहीतर नागपूरला एक दिवस घालवा, पूर्ण तोंडाचा ओपीजी एक्सरे काढा, अक्कलदाढेचं काय ते विचारून घ्या, एक्सरे मोबाईलमधे ठेवा. इम्प्लांट तर सुट्टीत करायच्या भानगडीत पडूच नका, स्क्रू बसवून हाड धरायला काही महिने लागतात, पंधरा दिवसात कोणी करून देतो म्हणला तर आधी त्याच्याकडं नीट पाहा. आईबाबांना तिकडं नेताना पण तेच, प्रवासाचा विमा बहुतेक अचानक दुखलं तर तेवढ्यापुरताच, कवळी मोडली तर खिशातून.

आता तुम्ही विचारणार, मग तू एवढा शहाणा तर कॅप तिथंच का नाही केली. कारण ३२६.७० म्हणजे सदतीस हजार, आणि इथं पाच हजार. मन पुन्हा म्हणालं, गावी गेल्यावर करू. विमानाच्या तिकिटाचे पैसे त्यात धरायचे नसतात, ते आईला भेटायचे असतात, असा हिशोब.

यावेळी सुट्टीत आल्यावर सोमवारी माप दिलं. कॅप नागपूरच्या लॅबमधे बनते, लॅबवाला दिवाळीला गावी गेला आहे. डॉक्टर म्हणतात शनिवारी दुपारच्या एसटीनं पार्सल येईल. माझं विमान रविवारी रात्री. आई सकाळपासून तिसऱ्यांदा विचारून गेली, "आलं का रे तुह्यं टोपण?"