जिल्ह्याचा क्रमांक आणि गावाचा हिशेब

नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबार वर सरकला की गडचिरोली, यावर आमच्या घरच्या गटात वाद रंगतात. ११२ जिल्ह्यांच्या या कार्यक्रमात २०१८पासून क्रमवारी लावली जाते आणि बरेचसे आकडे जिल्ह्यानेच भरायचे असतात. ज्याचं काम मोजायचं त्याच्याच हातात माप द्यायचं, हे मला पटत नाही.

मी राहते त्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये काउंट्यांच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्यांच्या, आरोग्याची देशभराची क्रमवारी तयार व्हायची. २०१०पासून जवळपास प्रत्येक काउंटीला तिच्या राज्यात क्रमांक मिळायचा, २०२४मध्ये तो देणंच बंद झालं. शिवाय अमेरिकेच्या २०१०च्या आरोग्य कायद्यानुसार ना-नफा रुग्णालयांना दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्यगरजांचा अहवाल काढावा लागतो. कायदा चांगला आहे, पण असे अहवाल वाचताना मी खट्टू होते. किती शिबिरं झाली, किती जणांचा रक्तदाब तपासला, हे पानोपानी असतं. त्यातल्या किती जणांचा रक्तदाब वर्षभरानंतर आटोक्यात होता, ते शोधावं लागतं.

महाराष्ट्राचीही गत तीच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली रुग्णालयातली बाळंतपणं २०१५-१६च्या ९० टक्क्यांवरून २०१९-२१मध्ये जवळपास ९५ टक्क्यांवर गेली. आशाताईंचे कष्ट त्यात आहेत. पण त्याच काळात पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या खुजेपणाचं (वयाच्या मानाने उंची कमी असण्याचं) प्रमाण ३४ वरून ३५ टक्क्यांवर गेलं. बाळंतपणाचा आकडा अहवालात शोभून दिसतो, आणि पुढे त्या बाळाच्या पोटात काय पडलं याचा जाब कोणी विचारत नाही.

आपल्याकडे याहून चांगलं माप होतं, आणि म्हणूनच मला चीड येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बालसेवा दिली, ती ३९ गावांत. पण जन्म आणि मृत्यू मोजले ते सेवा न दिलेल्या ४७ गावांतही. म्हणूनच तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाला, हे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला छापावं लागलं. सेवेचा पसारा सांगून ते सिद्ध झालं नसतं.

दुसरं माप २००७मधलं. लोकांनीच सरकारी आरोग्यसेवेवर लक्ष ठेवायच्या ‘लोकाधारित देखरेखी’त नंदुरबार, अमरावती, ठाणे, पुणे, उस्मानाबाद या जिल्ह्यांतली गावं आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक स्वतः भरायची, हिरवा, पिवळा, लाल रंग देऊन. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर उत्तर द्यावं लागायचं. औषधं का नव्हती, डॉक्टर कुठे होते, पैसे का मागितले? विस्कॉन्सिनमधल्या एकाही अहवालात मला असा प्रश्न विचारणारी बाई दिसलेली नाही.

नंदुरबारचा पुढचा क्रमांक जाहीर होईल तेव्हा त्याच पानावर त्या वर्षी तिथे किती बालकं दगावली, ती कोणी मोजली आणि किती गावांनी लाल रंग दिला, हे छापलं गेलं पाहिजे.