अनुदानाला तारीख नसते, हप्त्याला असते

नवरा वारला किंवा सोडून गेला, पदरात दोन लेकरं, आणि मजुरीखेरीज घरात येणारा पैसा म्हणजे सरकारी अनुदान. अशा बाईच्या कर्जाचा विषय निघाला की लोक आधी विचारतात, "मग घेतलंच कशाला?" या प्रश्नाने आता काही होणार नाही. दवाखान्याला घेतलं, बियाण्याला घेतलं, जुना हप्ता फेडायला नवं घेतलं. या महिन्यात कुणाला किती द्यायचं, कुणाला थांबवायचं आणि कुणाचं मुळात देणं लागतच नाही, एवढंच आता बघायचं आहे. ही पोस्ट त्याच्यासाठी आहे. एकट्या बायांसाठी आणि त्यांच्या मदतीला जाणाऱ्या सीआरपी ताई (बचत गटांचं गावातलं काम बघणाऱ्या), अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्य, भाऊ, दीर यांच्यासाठीही. लांब आहे, पण वाचा.

आधी येणारा पैसा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. जुलै २०२३ पूर्वी ते १,००० ते १,२०० होते. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये. लाडकी बहीणचेही १,५००च आहेत, पण निराधारचे १,५०० घेणाऱ्या बाईला ते मिळत नाहीत. त्यामुळे 'दोन्हीचे मिळून तीन हजार' असा हिशोब कुणी करून दिला तर तो चुकीचा आहे. बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि बालकल्याण समितीच्या आदेशानंतर लाभ सुरू होतो. निराधार मिळणाऱ्या कितीतरी बायांनी बालसंगोपनचा अर्जच केलेला नसतो, आणि रक्कम तर हीच मोठी आहे.

आता खरी अडचण. यातला कोणताच पैसा ठरल्या तारखेला येत नाही. निराधारचे कधी दोन महिने थांबतात, बालसंगोपनचे कधी सहा-सहा महिने अडकून एकदम जमा होतात. फायनान्सचा, म्हणजे मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता मात्र मंगळवारी सकाळी ग्रुपच्या सेंटर मिटिंगमध्ये द्यायचाच असतो. ही मधली फट सावकार तरी भरून काढतो, नाहीतर टॉप-अप लोन, म्हणजे जुनं कर्ज चालू असतानाच त्यावर दिलेलं नवं कर्ज. कर्ज फुगतं ते इथे. बाई उधळी आहे म्हणून फुगत नाही.

टॉप-अपचं गणित नीट बघा. जुनी बाकी १८,००० आहे आणि नवं कर्ज ५०,००० मंजूर झालं. त्यातून जुने १८,००० कापले, प्रोसेसिंग फी आणि विमा कापला, हातात तीस-एकतीस हजार आले. हप्ता मात्र पूर्ण पन्नास हजारांवर बसला. हप्ता थकलाय म्हणून टॉप-अप घेणं म्हणजे तोच हप्ता जास्त व्याजाने पुढे ढकलणं. माझं स्पष्ट मत आहे की अनुदानावर जगणाऱ्या घराने टॉप-अपच्या कागदावर सही करूच नये, फायनान्सचे 'सर' कितीही चांगले असोत.

आता वहीचं एक पान घ्या. प्रत्येक कर्जाची एक ओळ. कुणाचं, कधी घेतलं, मूळ रक्कम, आजवर किती दिले, बाकी किती, हप्ता आणि त्याची तारीख, कर्जदार कोण, जामीनदार कोण, विमा कापला होता का. किराणा दुकानाची उधारी आणि नणंदेकडून घेतलेले पाच हजारही लिहा. लोन कार्ड, पासबुक, पावत्या समोर ठेवूनच लिहा, आठवणीवर लिहू नका. फायनान्सची किती खाती आपल्या नावावर आहेत याचीच खात्री नसेल, तर क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद) काढा. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. ग्रुप लोनसाठी (बायांच्या गटाला मिळून दिलेलं कर्ज) त्यातल्या क्रिफ हाय मार्कचा आधी बघावा. कुणीतरी आपल्या आधार कार्डावर उचललेलं कर्ज असं रिपोर्टमध्येच सापडतं.

नवरा वारला असेल तर पुढचं आधी तपासा, त्याआधी एक रुपयाही देऊ नका. कर्ज फक्त त्याच्या नावावर असेल आणि तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर त्याच्याकडून वारशाने जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच तुमची जबाबदारी. काहीच आलं नसेल तर तुमच्या मजुरीवर आणि अनुदानावर त्या कर्जाचा हक्क नाही. सातबारावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो जमिनीबरोबर येतो, हे मात्र लक्षात ठेवा. दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत कुणी 'नुसती सही करा, नावापुरतं' म्हणत कागद पुढे केला तर थांबा. जुनं कर्ज आपल्या नावावर करून घेण्याचे कागद याच दिवसांत पुढे येतात.

ग्रुप लोनमध्ये कर्जदार बाई असली तरी विमा बहुतेक वेळा नवऱ्याचाही उतरवलेला असतो. त्याचा हप्ता कर्ज देतानाच कापलेला असतो आणि लोन कार्डावर लिहिलेला असतो. तसं असेल तर त्याच्या मृत्यूनंतर बाकी कर्ज विम्यातून फिटायला हवं. चूक होते ती अशी, की मृत्यूचा दाखला लोन ऑफिसरच्या हातात नुसताच दिला जातो, क्लेम पुढे जातच नाही आणि बाई वर्षभर हप्ते भरत राहते. दाखल्याची प्रत अर्जासोबत शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. याला पोहोच म्हणतात. पोहोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

नवऱ्याचं बँकेचं पासबुकही भरून आणा. ४३६ रुपयांची नोंद म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, २० रुपयांची म्हणजे सुरक्षा विमा. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. जीवनज्योतीचे दोन लाख अपघात नसला तरी मिळतात, सुरक्षाचे दोन लाख अपघाती मृत्यूला. साप चावला असेल तर दवाखान्याचा कागद जपून ठेवा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० तहसीलमधून मिळतात. हे सगळं कर्जाच्या पोस्टमध्ये लिहितोय, कारण पाच जागी थकलेल्या घराचं निम्मं कर्ज अशा न मागितलेल्या पैशांतून फिटू शकतं.

आता फायनान्स कंपन्यांचे नियम. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे निर्देश १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असं कर्ज देता येत नाही. तरीही दिलं जातं, कारण फॉर्मवर कुटुंबाचं उत्पन्न फुगवून लिहितात. बाईकडे २१,०००चा उत्पन्नाचा दाखला असतो आणि कर्जाच्या फॉर्मवर अडीच लाख. २१,०००चे महिन्याला होतात १,७५०, त्याचे निम्मे ८७५. मग २,१०० रुपयांचा हप्ता कोणत्या हिशोबाने बसवला, हा प्रश्न तक्रारीत जरूर विचारा. पुढच्या वेळी फॉर्मवरचा उत्पन्नाचा रकाना सहीआधी वाचून घ्या.

त्याच नियमांत आणखीही आहे. मायक्रोफायनान्स कर्जासाठी तारण घेता येत नाही आणि तुमच्या बचत खात्यावर रोख लावता येत नाही. दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर, पूर्ण कर्जावर नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. लोन कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. वसुली ठरलेल्या जागीच. लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आला नाहीत, तरच ते घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतात. सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६नंतर फोन नाही, शिव्या नाहीत, नातेवाइकांना त्रास नाही, नाव चारचौघांत जाहीर करणं नाही.

नियमात न मावणारी एक गोष्ट आहे, आणि ती सगळ्यात जड आहे. दबाव साहेब आणत नाही, ग्रुपमधल्या बाया आणतात. एकीचा हप्ता आला नाही तर सगळ्यांना मिटिंगमधून उठू देत नाहीत, मग शेजारणीच दारात येऊन बसतात. त्यांचा राग खोटा नाही, त्यांचंही काम बुडतं. म्हणून हप्ता चुकणार हे कळताच मिटिंगच्या आदल्या दिवशी सेंटर प्रमुखाला आणि ग्रुपला स्वतः जाऊन सांगा, 'इतके देते, उरलेल्याचा अर्ज शाखेत दिलाय, ही पोहोच.' लपून राहिलात तर नियम तुमच्या बाजूने असूनही गाव तुमच्या विरोधात जातं.

अर्ज कसला, ते आकड्यांत सांगतो. ४०,००० कर्ज, वर्षाला २४ टक्के घटत्या बाकीवर, २४ महिने. हप्ता साधारण २,११५. दहा हप्ते भरल्यावर बाकी राहते सुमारे २५,६००. आता मजुरी महिन्याला ४,८००, घरखर्च साडेतीन हजार. म्हणजे हप्त्याला तेराशेच निघतात. तेवढीच बाकी ३६ महिन्यांवर पसरली तर हप्ता हजाराच्या आसपास येतो. व्याज एकूण साडेसहा हजारांनी वाढतं, हे डोळे उघडे ठेवून मान्य करावं लागेल. पण भरता येणारा हप्ता हवा. अर्जात कर्ज क्रमांक, आजची बाकी, उत्पन्न-खर्चाचे हे आकडे, 'मुदत वाढवून हप्ता १,००० करावा, नवीन कर्ज नको' एवढी मागणी आणि मृत्यूच्या किंवा निराधारच्या कागदाची प्रत. अडचणीतल्या कर्जदारासाठी व्यवस्था ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. शाखेने अर्ज घेतला नाही तर मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८.

हिशोबात अनुदान धरलं नाही, हे लक्षात आलं असेल. ते मुद्दाम. हप्ता फक्त मजुरीच्या पैशावर बांधा. अनुदान साठून एकदम नऊ हजार आले, तर आधी दोन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला काढा आणि तिला हात लावू नका. पुढचं अनुदान लांबलं की सावकाराच्या दारात जाण्यापासून तीच वाचवते. मग किराण्याची उधारी आणि शाळेचं. उरलं तर कर्जाच्या मुद्दलात भरा आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

ज्या बँकेत कर्ज थकलंय तिथे अनुदानाचं खातं ठेवू नका. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे त्यासाठी आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. पोस्ट पेमेंट्स बँकेत नवीन खातं काढून सीडिंग तिकडे वळवता येतं. त्या खात्यावर कुणालाही ऑटो-डेबिटची (हप्ता आपोआप कापायची) सही देऊ नका, आणि कोरा चेक तर कुणालाच नाही.

बचत गटाचं कर्ज शक्यतो थकवू नका. गटाला बँकेकडून तीन लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं, आणि अडीअडचणीला ग्रामसंघाचा (गावातल्या गटांच्या संघाचा) जोखीम प्रवणता निधी, म्हणजे संकटातल्या घरांसाठीचा पैसा, तिथूनच मागता येतो. तो दरवाजा उघडा राहायला हवा.

सावकाराला मात्र सगळ्या बाया सगळ्यात आधी देतात, भीतीपोटी. शेकडा पाच म्हणजे दहा हजारांना महिन्याला ५००, वर्षाला ६० टक्के. वीस महिन्यांत दहा हजार जातात आणि मुद्दल तसंच. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४प्रमाणे परवानाधारक सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्केच घेता येतात आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही. परवाना नसेल तर त्याला कोर्टातून वसुलीचा हुकूमनामाच मिळत नाही. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करायची. जमीन लिहून घेतली असेल तर १५ वर्षांपर्यंतचा व्यवहार तपासून ती परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. एकटीने तक्रार करायला जाऊ नका, दोन माणसं बरोबर न्या.

'पोलीस आणू, आत टाकू' ही धमकी सगळीकडे दिली जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही बाईला अटक करता येत नाही. कलम ६०प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि धर्माच्या रूढीने बाईने उतरवायचे नसतात ते दागिने जप्त होत नाहीत. चेक वटला नाही किंवा ऑटो-डेबिट परत गेलं तर तो गुन्ह्याचा विषय होऊ शकतो, म्हणूनच वर कोऱ्या चेकबद्दल एवढं सांगितलं. कोर्टाची नोटीस आली तर ती घ्या, परत पाठवू नका, आणि तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. फोन १५१००.

कंपनीने 'इतके भरा, बाकी माफ' म्हटलं तर आधी लेटरहेडवर पत्र, मग पैसे. रिपोर्टवर ते 'सेटल्ड' म्हणून दिसतं आणि पुढची काही वर्षं कर्ज मिळायला अडतं. पूर्ण फेडलं तर नील दाखला (काही बाकी नाही असा) घ्या आणि दीड-दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' आलंय का ते बघा.

आणि तहसीलला जाणारच असाल तर एका फेरीत तीन कामं करा. हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निराधार शाखेत द्या, तो राहिला की अनुदान बंद पडतं. पुरवठा शाखेत रेशन कार्ड स्वतःच्या नावावर वेगळं करायचा अर्ज द्या. आणि त्यातच अंत्योदय मागा. विधवा कुटुंबप्रमुख त्यात बसते, आणि अंत्योदयचं ३५ किलो धान्य सध्या मोफत आहे. तेवढाच किराणा कमी लागतो आणि हप्त्याला तेवढेच पैसे सुटतात.