दाढ काढल्याने नजर जात नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, शेवटच्या जोडलेल्या हातांची संख्या कमीजास्त होते, मजकूर तोच. वरची दाढ काढली की डोळे जातात. दात साफ करून घेतले की हलायला लागतात. रूट कॅनलमुळे अंगात विष पसरतं. बधीर करायचं इंजेक्शन हृदयाला धोक्याचं. तेव्हा दातांच्या डॉक्टरची पायरी चढू नका, लवंगेचं तेल लावा. खाली 'जनहितार्थ'.

मी स्वतः दातांची डॉक्टर आहे, म्हणजे यात माझा धंदा गुंतलाय असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणावं. पण हिशेब केला तर हा मेसेज माझ्या फायद्याचाच आहे. वेळेत दाखवलेल्या दाढेला साधं फिलिंग पुरतं. मेसेज वाचून दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाला रूट कॅनल आणि वर कॅप लागते.

डोळ्यांचा मुद्दा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चिवट. शिकलेली माणसंही खुर्चीत बसल्यावर हळूच विचारतात, "वरची आहे ना, डोळ्याला काही होणार नाही ना?" दिसण्याचं काम करणारी नस डोळ्याच्या मागून मेंदूत जाते, तिचा दातांशी काही संबंध नाही. दातांची नस वेगळी. तिला तीन फांद्या : पहिली कपाळ आणि डोळ्याच्या भागाकडे, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या. यातली पहिली फांदी डोळ्यापर्यंत जाते खरी, पण ती स्पर्श आणि वेदना वाहून नेते, दृष्टी नाही. फांद्या एकाच खोडाच्या असल्यामुळे वरची दाढ ठणकायला लागली की डोळ्यामागेही दुखतंय असं वाटू शकतं. तो अनुभव खोटा नाही. त्यावरून काढलेला अर्थ खोटा आहे.

दुसरं कारण वयाचं. दाढा काढायची वेळ बऱ्याच जणांवर येते त्याच सुमारास चाळिशी लागते. दाढ मार्चमध्ये काढली, दिवाळीत पेपर लांब धरून वाचायला लागला. घरात लगेच दोन्हींची सांगड बसते. ज्याची एकही दाढ पडलेली नाही त्यालाही चाळिशी लागतेच, पण त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

क्वचित एक गोष्ट घडते, तीही सांगून टाकते. वरच्या जबड्यात दिलेल्या बधिरतेच्या औषधाचा अंश डोळ्याच्या आसपास पोचला तर थोडा वेळ पापणी जड होते किंवा एकाची दोन दिसतात. जवळपास नेहमीच औषध उतरलं की हे जातं. डोळ्याला खरा धोका उलट बाजूने येतो. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू साठून राहिला तर सूज गालावर, मग डोळ्याखाली चढते, सकाळी डोळा उघडत नाही. अगदी थोड्या लोकांमध्ये हा संसर्ग चेहऱ्याच्या शिरांमधून मेंदूच्या तळाशी जातो आणि जिवावर बेततं. म्हणजे नजरेच्या काळजीने जो दात ठेवला, तोच डोळ्याशेजारी पू साठवत बसतो.

साफसफाईने दात हलतात, या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. वर्षानुवर्षांचं कीटण हिरडीखाली शिरलेलं असतं, त्याने हाड झिजवलेलं असतं. पडक्या भिंतीला टेकू असावा तसं ते त्या दातांना धरून असतं. टेकू काढला की भिंत हलते, ती आधीच पडकी होती म्हणून. मशीनची कंपनं कीटण फोडतात, दात तासत नाहीत. नंतर काही दिवस थंड पाण्याने दात शिवशिवतात, हे मात्र आधीच सांगायला हवं आणि अनेक ठिकाणी ते सांगितलं जात नाही.

रूट कॅनलच्या 'विषा'ला मात्र इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशी एक लाट होती की शरीरातल्या बहुतेक रोगांचं मूळ दातांत आणि टॉन्सिलमध्ये दडलेलं असतं. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात उपटत असे. दात काढून भागलं नाही की टॉन्सिल, मग मोठं आतडं. त्यात माणसं दगावली. वेस्टन प्राइस नावाच्या दंतवैद्याने त्याच काळात रूट कॅनल केलेल्या दातांवर ठपका ठेवला. पुढच्या संशोधकांनी काटेकोर प्रयोग केले तेव्हा त्याचे निष्कर्ष टिकले नाहीत आणि दंतवैद्यकाने तो विचार सोडून दिला. शंभर वर्षांपूर्वीचा तो माल आता मराठीत, फुलांच्या चित्रासह, आपल्या फोनवर येतो. प्रत्यक्षात रूट कॅनलमध्ये दाताच्या आतला सडलेला गर काढतात, पोकळी धुतात, भरतात. काही वेळा ते फसतं, पुन्हा करावं लागतं किंवा शेवटी दात काढावा लागतो. ही उपचाराची मर्यादा झाली. विष नव्हे.

इंजेक्शनबद्दल. आपल्याकडे सर्रास वापरतात ते लिग्नोकेन, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं. त्यात बहुधा थोडं अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं असतं, बधिरता टिकावी आणि रक्त कमी यावं म्हणून. त्याने एखाद-दोन मिनिटं छातीत धडधडू शकतं. पेशंटला हे कुणी सांगितलेलं नसलं तर त्याला वाटतं, हार्ट अटॅक आला. घरी गेल्यावर तो तसंच सांगतो, ऐकणारा पुढे पाठवतो. हृदयविकार असेल, बीपीच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुई टोचण्याआधी डॉक्टरला सांगा. औषध आणि मात्रा त्याप्रमाणे ठरवता येते. (शस्त्रक्रियेतली भूल जगाला दाखवून दिली ती दंतवैद्यांनीच, हेही जाता जाता. होरेस वेल्सने १८४४ मध्ये लाफिंग गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि १८४६ मध्ये बॉस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल देणारा मॉर्टनही दातांचाच डॉक्टर.)

आणि लवंग. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दुखणं खरंच कमी करतं, आम्हीही तात्पुरत्या फिलिंगमध्ये ते वापरतो. पण कीड त्याने थांबत नाही आणि निव्वळ तेल हिरडीवर ओतलं तर हिरडी भाजते. फसवणूक पुढे आहे : काही दिवस ठणकून दाढ अचानक शांत होते. लोक म्हणतात, लवंगेने गुण आला. बऱ्याचदा तेव्हा आतली नस मेलेली असते. काही महिन्यांनी सूज येते. मिश्रीचंही तेच. तिने बरं वाटतं ते तंबाखूमुळे. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर आणि टूथपेस्टवर १९९२ पासून बंदी आहे, घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण विचारतो?

आता मेसेजमध्ये नसलेला मुद्दा, ज्याच्यामुळे हा मेसेज चालतो. लोकांना भीती वाटते. 'मला सुईची भीती वाटते' असं पन्नाशीच्या माणसाला म्हणवत नाही, 'डोळ्यांना धोका असतो म्हणे' हे म्हणता येतं. अशाने तारीख पुढे ढकलली जाते. दाढेत पू होतो. पू झालेला भाग आम्लधर्मी असतो, तिथे बधिरतेचं औषध नीट लागत नाही. मग खरंच दुखतं. पुढच्या वेळी तो माणूस आणखी उशिरा येतो. 'मला इंजेक्शन लागतच नाही' असं सांगणारे बरेचसे याच वाटेने आलेले असतात.

मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये ही भीती मोजायला चार प्रश्न बनवले. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. बाहेर बाकावर नंबरची वाट बघताय. खुर्चीत बसलात आणि डॉक्टर ड्रिल तयार करताहेत. दात साफ करायची हत्यारं काढताहेत : तेव्हा कसं वाटतं? चारही प्रश्न तोंडात काही सुरू होण्याआधीचे आहेत. इलाजही तिथूनच सुरू करावा लागतो. सकाळचा पहिला नंबर घ्या, म्हणजे दिवसभर घोकणं नको. उपाशी जाऊ नका. पहिल्या दिवशी नुसतं दाखवून या. डावा हात वर केला की थांबायचं, हे डॉक्टरशी आधी ठरवा आणि एकदा विनाकारण हात वर करून बघा, थांबतात का. सुईआधी हिरडीला बधीर करायचं जेल लावायला सांगा; औषध सावकाश सोडलं तर कमी दुखतं.

रक्त किंवा सुई बघून ज्यांना चक्कर येते त्यांना 'अंग सैल सोडा' हा सल्ला उपयोगाचा नाही. त्यांचं बीपी उतरत असतं. त्यांनी उलट मांड्या, पोट, हात दहा-पंधरा सेकंद आवळून धरावेत, सोडावेत, पुन्हा आवळावेत. भीती फारच असेल तर काही ठिकाणी लाफिंग गॅस मिळतो, मानसोपचारतज्ज्ञाची मदतही चांगली लागू पडते. शांत करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. डॉक्टरने दिलीच तर सोबत कुणाला तरी न्या, गाडी चालवू नका.

भीती पैशांची असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, महापालिकेच्या नायर रुग्णालयाचं आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालयं आहेत. रांग लांब असते, विद्यार्थी हळू काम करतात, शिक्षक मागे उभे असतात. खर्च खूप कमी.

आणि कृपा करून मुलांना 'जेवला नाहीस तर डॉक्टरकाका इंजेक्शन देतील' असं सांगणं थांबवा. ते पोर तीस वर्षांनी सुजलेला गाल घेऊन आमच्याकडेच येतं.

नंबर लावायला फोन कराल तेव्हाच सांगा, "मला भीती वाटते, पहिल्या दिवशी फक्त बघा." पलीकडून कुणी हसलं, तर दुसरा दवाखाना शोधा.