कठडा तिकडचा, तलाव आपला

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शेननडोआ राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून फिरताना काढलेला रस्त्याकडेच्या कठड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मावसभावाचं लगेच उत्तर: "बघ, तिकडची सरकारी कामं! नाहीतर आपली रोहयो, माती इकडची तिकडे."

त्याला कसं सांगू, की स्कायलाइन ड्राइव्ह या तिथल्या डोंगररस्त्यावरचे थांबे, कठडे, झाडं ही बरीचशी अमेरिकेच्या रोहयोचीच, म्हणजे तिथल्या रोजगार योजनेचीच कमाई आहे. 1933 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट सत्तेवर आले आणि त्याच महिन्यात 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' या योजनेचा कायदा झाला. 18 ते 25 वयाची बेकार पोरं छावण्यांत राहायची. पगार महिना 30 डॉलर, त्यातले बहुधा 25 परस्पर घरी. नऊ वर्षांत सुमारे 30 लाख तरुण या कामावर राहिले, तीन अब्जांच्या आसपास झाडं लागली.

त्या वेळी तिथेही ओरड होतीच. दिवसाला डॉलर म्हणजे मजुरी पाडायचा डाव, असं कामगार संघटना म्हणत. छावण्या लष्कराच्या हाती, म्हणून आणखी धास्ती. पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. बायकांना यात जागा नव्हती. कायद्यात वर्णभेदाला मनाई असूनही कृष्णवर्णीय पोरांच्या छावण्या वेगळ्या. आणि हे उद्यान डोंगरातली कुटुंबं उठवून झालंय. त्यांची काही रिकामी घरं याच पोरांनी पाडली. धरणग्रस्तांच्या राज्यातून आलेल्या माणसाला हे वाचून पुढे जाता येत नाही.

शिवाय ती अमेरिकी योजना होती सरकारची मर्जी. 1942 मध्ये युद्ध आलं, तिथल्या संसदेने पैसे थांबवले, संपलं. वि. स. पागेंनी मांडलेली महाराष्ट्राची रोजगार हमी मात्र 1977 मध्ये कायदा झाली: काम मागणं हा हक्क, बायकांनाही. भाऊ दरमहा 200 रुपये व्यवसाय कर भरतो, तो या योजनेसाठीच सुरू झाला होता. भ्रष्टाचार, खोट्या हजेऱ्या, अडकलेली मजुरी, यावर तो बोलला तर मी त्याच्याच बाजूचा. पण "माती इकडची तिकडे" म्हणायचं, तर बहात्तरच्या दुष्काळात ती माती कोणी वाहिली?

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. भाऊ गप्प. मावशीचा मात्र आवाजी निरोप आला: "अरे, कामावर खायला सुकडी मिळायची, म्हणून मी जायचे. तो पाझर तलाव आहे अजून. गाळ तेवढा काढायला सांगा कोणीतरी."